लॅपटॉप संथ झाला, तरी दोष प्रोसेसरचाच असतो का?

सात-आठ वर्षे वापरलेला लॅपटॉप रखडू लागला की 'याचा प्रोसेसर जुना झाला' असा निकाल घरोघरी दिला जातो. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी यंत्र लागतेच, म्हणून नव्या लॅपटॉपचा खर्च गळ्यात पडतो. प्रत्यक्षात प्रोसेसर झिजून हळूहळू संथ होत नाही. घड्याळातील स्फटिकाप्रमाणे त्याचे ठोके ठरलेले असतात. तो एक तर नीट चालतो, नाही तर चुका करतो किंवा बंद पडतो. जुना प्रोसेसर पूर्वीपेक्षा मंदावला असेल, तर बहुधा त्याच्यावर कामाचा बोजा वाढलेला असतो, त्याला काहीतरी रोखून धरत असते किंवा तो दुसऱ्या भागाची वाट पाहत असतो. यांपैकी नेमके काय घडते आहे, हे पैसे खर्च करण्यापूर्वी घरीच तपासता येते.

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या विभागात सीपीयूचा चालू वेग आणि मूळ वेग असे दोन आकडे दिसतात. उदाहरणार्थ, 2017 मध्ये आलेल्या इंटेलच्या आय-फाइव्ह 8250यू या प्रोसेसरचा मूळ वेग 1.6 गिगाहर्ट्झ आहे आणि गरज पडल्यास तो 3.4 गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. काम नसताना वेग कमी दिसणे स्वाभाविक आहे, कारण तेव्हा प्रोसेसर वीज वाचवत असतो. त्यामुळे एखादे जड काम सुरू करूनच हे आकडे पाहावेत.

वेग चांगला असूनही वापर सतत 100 टक्क्यांच्या आसपास असेल, तर एखादा प्रोग्राम प्रोसेसरला राबवून घेत आहे. 'प्रोसेसेस' विभागात त्याचे नाव सापडते. ब्राउझरमधील अनावश्यक एक्स्टेन्शन्स, एकाच वेळी चालणारे दोन अँटिव्हायरस आणि यंत्र सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्राम हे नेहमीचे कारण असते. ते काढून टाकण्यास एक रुपयाही लागत नाही.

काम सुरू असूनही वेग मूळ आकड्याच्या बराच खाली अडकून राहिला, तर प्रोसेसरला रोखले जात आहे. याचे पहिले कारण उष्णता. लॅपटॉपच्या अनेक प्रोसेसरांची तापमानमर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठताच प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग उतरवतो. यंत्र पहिली काही मिनिटे चपळ चालते, मग पंखा घोंगावू लागतो आणि सारे मंदावते, ही त्याची खूण. गोव्यासारख्या दमट हवेत धूळ चिकट होऊन पंख्यामागील जाळीत थर धरते. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपचे खालचे झरोकेही बंद होतात. यंत्र बंद करून ही जाळी साफ करावी. हवेचा झोत मारताना पंखा फिरू न देता धरून ठेवावा. प्रोसेसर आणि उष्णतावाहक पट्टी यांच्यामधील थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते. ती बदलण्याचे काम सवय नसल्यास तंत्रज्ञाकडेच द्यावे.

दुसरे कारण विजेचे. काही लॅपटॉप आपला चार्जर ओळखतात. स्वस्तातला पर्यायी चार्जर लावला किंवा मूळ चार्जरची पिन खराब झाली, तर ओळख पटत नाही आणि यंत्र प्रोसेसरचा वेग अगदी तळाशी बांधून ठेवते. पंखा शांत, यंत्र थंड आणि तरीही वेग तळाला असेल, तर आधी चार्जर बदलून पाहावा. 'पॉवर मोड' बचतीवर राहिलेला नाही ना, हेही तपासावे. बॅटरी फुगलेली आढळल्यास मात्र यंत्राचा वापर लगेच थांबवावा. तिला टोचू अथवा दाबू नये, कारण तिला आग लागण्याचा धोका असतो.

प्रोसेसरचा वापर कमी, पण डिस्क 100 टक्के किंवा मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर प्रोसेसर नुसता वाट पाहत आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यावर अशा यंत्राचा कायापालट होतो. रॅम चार जीबीची आठ करण्यानेही फरक पडतो. मात्र काही यंत्रांत रॅम बोर्डवरच जोडलेली असते, म्हणून खरेदीआधी खात्री करून घ्यावी.

जुने प्रोसेसर खरोखरच थोडे मंदावल्याचे एक उदाहरण आहे. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधील त्रुटी उघड झाल्या. त्यांवरील सुरक्षा-उपायांमुळे जुन्या यंत्रांचा वेग काही कामांत घटला. तो परत मिळवण्यासाठी हे उपाय बंद करणे म्हणजे वाऱ्यासाठी रात्री दार उघडे टाकून झोपणे होय.

हे सारे करूनही एक प्रश्न उरतो. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 बहुतेक जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. तेथे लिनक्सचा पर्याय आहे. पण कार्यालयाचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी पाहावे लागते. म्हणून आधी फुकटातले उपाय करावेत, नंतर सफाई व चार्जर पाहावा, त्यानंतर एसएसडी आणि रॅमचा विचार करावा. नव्या लॅपटॉपचा निर्णय या सर्वांनंतरच घ्यावा. कित्येकदा घरातील जुने यंत्र आणखी काही वर्षे साथ देण्याच्या स्थितीत असते.