पाय वल्हवतात, हात मोकळे!

मासे धरणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण कोणती, असे विचारले तर आपण शहरातली मंडळी चटकन म्हणू, "मासा गळाला लागत नाही, ही!" पाण्यावर जन्म काढलेल्या माणसाचे उत्तर वेगळे असते. तो म्हणेल, "हात पुरत नाहीत." वल्हे धरावे तर जाळे सुटते; जाळे धरावे तर होडी वाऱ्यावर जाते. दैवाचा विनोद पाहा! ज्याने मत्स्यावतार घेतला त्या विष्णूला चार हात, आणि मत्स्यावर ज्याचे पोट चालते त्याला मात्र दोनच!

ही दोन हातांची उणीव भरून काढणारी एक नवी होडी आता पाश्चात्त्य देशांत बरीच लोकप्रिय झाली आहे. ती पायांनी चालते. पाय दमले तर बसल्या जागी बटण दाबून विजेच्या मोटरीवर चालते, आणि सांगितल्यास भर पाण्यात एका जागी उभीही राहते. हौशी मासेमारांची ही चैनीची वस्तू आहे, हे उघड आहे. तरी तिच्यात एक कल्पना अशी आहे की, आमच्या भोरच्या पाण्यावर तिचा विचार व्हायला हवा.

भोपळ्यापासून कयाकपर्यंत

या होडीचे नाव कयाक. शब्द ग्रीनलंड, उत्तर कॅनडा आणि अलास्का या बर्फाळ मुलखांतल्या लोकांचा. समुद्रात वाहत आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचे कातडे ताणून बसवायचे, आणि मध्ये एका माणसापुरती जागा ठेवायची. दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे घेऊन शिकारी त्यात बसे. बायकामुले आणि सामानसुमान यांच्यासाठी मोठी होडी वेगळी. तिचे नाव उमियाक. कयाक ही एकट्या शिकाऱ्याची होडी. त्यालाही अडचण तीच होती. भाला फेकायचा तर वल्हे बाजूला ठेवावे लागे.

मराठीचा मास्तर असल्यामुळे अशा ठिकाणी माझे मन शब्दांकडे वळते. आपण "दोन गोष्टींची सांगड घालतो" असे सहज म्हणतो. ही सांगड मूळची पाण्यावरची. भोपळे किंवा ओंडके एकमेकांना बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. इंग्रजांनी कॅटामरान हा शब्द तमिळमधल्या 'कट्टुमरम'वरून घेतला. त्याचाही अर्थ बांधलेले लाकूड. नदी ओलांडण्याची बुद्धी कोणा एका देशाची मिरास नाही. कृष्णाकाठच्या लोकांनी तर गूळ करण्याची काहील पाण्यात सोडून पूर ओलांडले आहेत.

आजची मासेमारीची कयाक प्लास्टिकची असते. आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी ज्या रीतीने तापल्या साच्यात फिरवून तयार करतात, पुष्कळशा कयाक त्याच रीतीने होतात. तळ रुंद आणि सपाट असल्यामुळे ती सहसा कलंडत नाही. काही होड्यांत तर उभे राहून गळ टाकता येतो. वर बसायला चांगली पाठ टेकण्याची खुर्ची!

पेंग्विनची युक्ती

पायांनी चालणारी होडी म्हटल्यावर आपल्याला महाबळेश्वरचा वेण्णा तलाव आठवेल. तिथल्या पायडलच्या होडीत बसून आपण सर्वांनी घाम गाळला आहे. त्या होडीचे चाक पाणी जितके मागे ढकलते, तितकेच वर उडवते. पायांचे बरेच बळ असे फुकट जाते.

नव्या कयाकने यावर दोन उपाय काढले. १९९७ साली अमेरिकेतल्या होबी कंपनीने एक यंत्र बाजारात आणले. ही कंपनी आधीपासून जोडनावांच्या शिडाच्या होड्यांसाठी, म्हणजे पुन्हा सांगडीसाठीच, प्रसिद्ध होती. या यंत्रात होडीच्या तळाखाली दोन लवचीक पर असतात. पाय आळीपाळीने पुढे रेटले की ते पर डावी-उजवीकडे हलतात. पेंग्विन पक्षी पाण्याखाली आपले पंख चालवतो, त्यावरून ही कल्पना सुचली. पाणी उथळ झाले की हे पर तळाशी सपाट चिकटवून ठेवता येतात. दुसऱ्या प्रकारात सायकलसारखे पायडल गोल फिरवायचे. त्याने दातेरी चाके फिरतात आणि खाली पाण्यात पंखा फिरतो. उलटे पायडल मारले की होडी मागे येते. दिशा वळवायला हाताशी एक छोटी मूठ असते.

यामागचे गणित सोपे आहे. माणसाच्या पायांत हातांपेक्षा बळ जास्त, आणि ते टिकतेही जास्त वेळ. १९९१ साली अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेच्या डेकाव्हिटेटर नावाच्या नौकेत एका माणसाने केवळ पायांच्या बळावर साडेअठरा नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर, इतका वेग गाठला होता. "बुडत्याचा पाय खोलात" अशी आपली म्हण आहे. इथे पायांनी हलवलेले पर खोलात असतात आणि त्यांच्यावर होडी चालते!

पाण्यात रोवलेला अदृश्य खुंटा

आता मोटरीविषयी. आमिष मागे सोडून होडी संथपणे हाकायची, म्हणजे ते आमिष जिवंत माशासारखे पोहते आणि मोठा मासा त्याला फसतो. या पद्धतीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. त्यासाठी आवाज न करणारी, सावकाश चालणारी विजेची मोटर हवी. अशा मोटरी करणारी एक कंपनी १९३४ साली मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा या दोन राज्यांच्या सीमेवर निघाली. तिने दोन्ही नावांची सांगड घालून आपले नाव 'मिन कोटा' असे ठेवले.

पूर्वी ही मोटर होडीच्या कडेला अडकवत. आता ती कयाकच्या अंगातच बसवलेली मिळते. बारा व्होल्टची बॅटरी तिला पुरते. शिवाय उपग्रहाच्या साहाय्याने ती आपली जागा ओळखते. वाऱ्याने होडी जरा सरकली की मोटर आपोआप फिरून तिला पूर्वीच्या जागी आणते. पाण्यात कोणी अदृश्य खुंटा रोवावा आणि त्याला होडी बांधावी, तसेच हे. मासेमाराने दोन्ही हातांनी गळ सांभाळावा. बाकीचे यंत्र पाहून घेईल.

भाटघरचे पाणी

हे सारे मी पुस्तकी वाचले असते तर इथेच थांबलो असतो. पण माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात तो अशी एक पायडलची कयाक मोटारीच्या टपावर बांधून भोरला घेऊन आला, आणि "सर, चला" म्हणून मला भाटघरच्या काठावर घेऊन गेला.

भाटघरचे धरण वेळवंडी नदीवर १९२८ साली पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांचे नाव तेव्हा त्याला दिले होते. आज जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो. त्यात साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते. ते कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण या बाजूंना जाते आणि तिकडचा ऊस पिकवते. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या खोऱ्यात मागे राहिले ते डोंगर आणि मासे. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे कांबरे गावचे जुने शिवमंदिर वर येते, आणि या पाण्याच्या तळाशी एके काळी नांदता मुलूख होता याची आठवण देते.

विद्यार्थी कयाक पाण्यात लोटत होता, तेव्हा काठावर एक मासेमार जाळे झटकत बसले होते. वय साठीच्या आसपास. त्यांची "होडी" शेजारीच पडली होती : ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर बांधलेली फळी आणि वल्ह्याच्या जागी लाकडाचे दोन आखूड तुकडे. संध्याकाळी जाळे लावायचे, पहाटे उचलायचे, हा त्यांचा रोजचा क्रम. कोणी ट्यूबवर जातात, तर कोणी थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून त्यावर बसतात.

त्यांनी कयाकभोवती एक फेरी मारली, पायडल हाताने फिरवून पाहिले आणि विचारले, "दादा, ह्यात वजन किती बसतंय?"

"माणूस धरून दोनशे किलोच्या आतबाहेर, काका."

"आन् पंख्यात जाळं गुतलं तर?"

विद्यार्थी घुटमळला. "पंखा वर उचलून सोडवावं लागेल."

"म्हंजे जाळं फाटलंच की!" ते हसले. मग जागेवर उभी राहणाऱ्या मोटरीची गोष्ट आम्ही सांगितली. ती त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, "सर, ती आमाला काय कामाची? जाळं लावलं की जाळंच आमचा नांगर. त्यालाच धरून धरून आमी पुढं सरकतो. मोटर नको. पर परत येताना वारा समोरून आला, की हातांत जीव ऱ्हात न्हाई. तवा पाय असते तर लई बरं झालं असतं."

ही परीक्षा मला मोठी मार्मिक वाटली. यंत्रातले काय घ्यावे आणि काय टाकावे, याचा निवाडा त्यांनी पाच मिनिटांत केला. उपग्रहाचा खुंटा त्यांना नको. तो त्यांच्याकडे आहे. त्यांना हवे आहेत ते पाय, आणि पायांखाली न कलंडणारा तळ.

"काका, पोहण्याचं जॅकेट घालता का?" विद्यार्थ्याने विचारले.

"पवता येतंय की!" ते म्हणाले.

हे उत्तर ऐकून मी गप्प झालो. या पाण्याचा स्वभाव आम्ही भोरकर जाणतो. काठ दिसायला उथळ, आणि दोन पावलांवर एकदम खोल. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात एकाच घरातल्या पाच तरुणी बुडून गेल्या. पोहता येणाऱ्या माणसालाही पहाटेच्या गारठ्यात, पायांत जाळे गुंतले असता, पोहणे किती साधणार?

हिशेबाची बाजू

पायडलच्या कयाकची किंमत परदेशात दोन हजार डॉलरपासून पुढे असते, आणि मोटर अंगात बसवलेली चांगली कयाक चार-पाच हजारांपर्यंत जाते. म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेदोन ते चार लाख रुपये, वाहतूक आणि जकात वेगळी. ट्यूबवर बसणाऱ्या माणसाला हा आकडा सांगणेही संकोचाचे आहे.

पण त्या किमतीत कल्पना किती आणि थाट किती, हे पाहिले पाहिजे. खुर्ची, उपग्रह, माशांचा ठाव सांगणारा पडदा हा सारा थाट. कल्पना एवढीच की, रुंद सपाट तळ आणि सायकलीचे पायडल. टाक्या ओतणारे कारखाने आपल्याकडे आहेत आणि सायकलीची साखळी-चक्रे तालुक्याच्या गावीही दुरुस्त होतात. जाळ्यात न गुंतणारा, झटकन वर उचलता येणारा पंखा हा खरा कूट प्रश्न. पुण्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पासाठी विषय हवे असतात. हा विषय त्यांना भाटघरच्या काठावर आयता मिळेल, आणि परीक्षक म्हणून तेच काका लाभतील.

पैशाची वाटही अगदीच बंद नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांच्या होड्या-जाळ्यांसाठी मदत ठेवलेली आहे. साधारणतः खर्चाच्या ४० टक्के, आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के, असे तिचे प्रमाण आहे. मासेमारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या तर सामायिक होडीचा विचार करता येईल.

सुटीत येणाऱ्यांना विनंती

दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबे आता भोर आणि वेल्हे, म्हणजे आजचा राजगड तालुका, या बाजूला येतात. राजगड, तोरणा पाहतात आणि धरणांच्या काठी उतरतात. त्यांत उद्या कयाकही येतील. यावे, आनंदाने यावे. मात्र जलाशय मोकळा दिसला तरी बेवारशी नसतो. त्यातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात. गळ टाकण्यापूर्वी स्थानिक संस्थेला विचारावे.

आणखी एक गोष्ट. पाण्यावर प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या, तर तो कचरा आहे असे समजू नये. त्यांच्याखाली कोणाचे तरी जाळे लावलेले असते. तुमचा पंखा त्यातून गेला तर तुमची पाच मिनिटे जातात. त्या घरची आठवड्याची मिळकत जाते. बाटल्यांच्या ओळीला लांबून वळसा घालावा.

जॅकेट तर मुलाबाळांसकट सर्वांनी घालावे, आणि शक्य झाल्यास येताना एखादे जास्त आणावे. माझ्या विद्यार्थ्याने त्या दिवशी आपले जॅकेट काकांना देऊ केले. त्यांनी ते आधी नको म्हटले, मग घालून पाहिले, हात वर-खाली केले, जाळे ओढण्याचा अभिनय केला आणि बंद जरा सैल केले.

"हात आडत न्हाईत ह्यात," ते म्हणाले, आणि ते अंगावर ठेवूनच जाळ्याच्या गाठी सोडवायला बसले.