टोमॅटोचं फूल का गळतं?

चैत्र सरता सरता माहूरच्या डोंगरउतारावर पारा चाळिशी सहज ओलांडतो. पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडात ज्याला भेदरं म्हणतात, त्या टोमॅटोची झाडं परसात हिरवीगार उभी असतात, फुलांनी लगडलेली. आणि सकाळी बुडाशी पाहावं तर पिवळ्या फुलांचा सडा. मग घरोघरी निदानं सुरू होतात.

पहिलं निदान पाण्याचं. पाण्याचा ताण पडला की फूल गळतं, हे खरंच आहे. पण भर दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी सावरत असेल, तर ते तहानलेलं असेलच असं नाही. दोन-तीन इंच माती उकरावी, खाली ओल लागली तर हात आवरावा. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि त्यानंही फुलं गळतात.

खरा घोळ बहुधा रात्रीचा असतो. फळ धरायला टोमॅटोला रात्रीचे 15 ते 20 अंश मानवतात. रात्री 24 च्या वर आणि दिवस 35 च्या वर राहू लागले, की बहुतेक वाण हात टेकतात. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या रात्री आठवा! शिवाय बिघाड फूल उमलल्यावर होतो असंही नाही. परागकण कळीतच घडत असतात, उमलायच्या आठ-दहा दिवस आधी, आणि तेव्हाच्या उकाड्यानं ते वांझ होतात. म्हणून आज केलेल्या उपायानं उद्याची गळ थांबत नाही. फळ धरणार नाही असं ठरलं की देठाच्या मधल्या गाठीपासून झाड फूल सोडून देतं. गळालेलं फूल उचलून पाहा, ते नेमकं त्या गाठीवर तुटलेलं दिसेल.

‘मधमाश्या राहिल्या नाहीत’ ही हळहळ इथे अर्धीच लागू पडते. भोपळ्यासारखी नर-मादी फुलं टोमॅटोला वेगळी नसतात. एकाच फुलात दोन्ही असतात आणि वाऱ्यानं फूल हललं तरी काम भागतं. भुंगा फुलाला धरून गुणगुणतो तेव्हा त्या थरथरीनं पराग जास्त झडतो, साध्या मधमाशीला ते जमत नाही. भिंतीच्या आडोशाला कुंडी असेल तर दव वाळल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास, झुपका हलकेच टिचकीनं हलवावा. मात्र पराग वांझ असेल तर टिचक्या मारून काही होत नाही.

युरियाची मूठ हा तर सर्वांत महागात पडणारा उपाय. नत्र वाढलं की पाला माजतो आणि फूल गळतं. झाड गर्द हिरवं आणि फळ एकही नाही, असं दिसलं तर आधी युरिया बंद करावा.

दुकानात फूलगळीसाठी एनएए हे संजीवक मिळतं. त्याचं 4.5 टक्क्यांचं द्रावण साडेचार लिटर पाण्यात 1 मिली घातलं की 10 पीपीएम होतं. मात्रेत राहून त्याचा उपयोग होतो, पण बाटलीतून रात्र थंड होत नाही. ‘थोडं जास्त टाकलं तर जास्त फळं’ हा हिशेब तर उलटाच, कारण जास्त मात्रेनं फुलं गळतात.

आणि विटाळ. पाळीतल्या बाईची सावली पडली म्हणून फुलं झडली, असं अजूनही म्हटलं जातं. जिनं वर्षभर त्या रोपांना पाणी घातलं, तिच्याच माथी दोष. सावलीनं पराग वांझ होत नाही. तो उकाडा सोवळ्यात असलेल्यांच्या वाफ्यातही तेवढाच असतो.

करण्यासारखं मुख्य काम म्हणजे तारीख बदलणं. सप्टेंबरात रोप टाकून ऑक्टोबरात लावलं, की फुलोरा थंडीच्या दिवसांत येतो. उन्हाळी पीक घ्यायचंच असेल तर मार्चच्या आत जेवढी फळं धरतील तेवढी आपली. पुसा सदाबहारसारखे वाण रात्रीचा उकाडा जास्त सोसतात. शेडनेटनं दुपार सुसह्य होते, रात्र फारशी नाही, आणि सावली दाट झाली तर उजेडाअभावी पुन्हा गळ. डिसेंबरात एखाद्या रात्री पारा 13 च्या खाली गेला की हीच झाडं पुन्हा फुलं टाकतात. तेव्हा मात्र उन्हाला बोल लावता येत नाही.