बालकांच्या जंतुसंसर्गात प्रतिजैविकांची निवड : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानशेती व वनक्षेत्राच्या या जिल्ह्यात ताप आलेल्या दोन बालकांना भिन्न प्रतिजैविके मिळाली की पालकांच्या मनात शंका उत्पन्न होते. प्रस्तुत लेखात या भिन्नतेची कारणमीमांसा केली आहे.

रोगजंतूचे स्वरूप :
प्रतिजैविक हे तापावरील नव्हे, तर जीवाणूंवरील औषध होय. सर्दी-पडसे विषाणूजन्य असल्याने तेथे ते निरुपयोगी ठरते. जीवाणूजन्य न्यूमोनियात प्रायः अ‍ॅमॉक्सिसिलिन, तर विषमज्वरात अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देतात. 2018 मध्ये नागपूर विभागात स्क्रब टायफसचे अनेक रुग्ण आढळले. झुडपांत व गवतात आढळणाऱ्या चिगर या सूक्ष्म अळीच्या दंशाने तो होतो. त्याचा जंतू पेशीच्या आत वाढतो. त्यामुळे अ‍ॅमॉक्सिसिलिन निष्प्रभ ठरते व डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यावे लागते. निदान चुकल्यास मोलाचे दिवस वाया जातात.

वय व प्रकृती :
मात्रा वजनानुसार ठरते. कावीळ झालेल्या नवजातास सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन टाळतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यासही निवड बदलते.

प्रतिरोध व काळ :
शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावपातळीवर को-ट्रायमॉक्सॅझोल देऊन बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू कमी करता येतात, हे 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दाखविले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये सुधारित सूचनांत अ‍ॅमॉक्सिसिलिनला प्राधान्य दिले. म्हणजेच कालचे योग्य औषध आज योग्य असेलच असे नाही.

उपलब्ध साधने :
रक्ताच्या जंतुसंवर्धन चाचणीस साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. गंभीर बालकाबाबत तितके थांबता येत नाही, म्हणून डॉक्टर लक्षणांवरून उपचार आरंभतात व अहवालानंतर औषध बदलतात. ही धरसोड नव्हे. तथापि, प्रत्येक भिन्नतेस शास्त्रीय आधार असतोच असेही नाही. सवय, औषधांची उपलब्धता व पालकांचा आग्रह यांचाही प्रभाव पडतो. 1 मार्च 2014 पासून अनेक प्रतिजैविके ‘अनुसूची एच-1’ खाली आली असून चिठ्ठीविना त्यांची विक्री निषिद्ध आहे.

निष्कर्ष :
औषधाची भिन्नता हा स्वतःहून दोष नव्हे. कारणाविना दिलेले औषध हा दोष होय. म्हणून ‘शेजारच्या मुलाला दुसरे औषध का?’ यापेक्षा ‘माझ्या मुलाला हे औषध कशासाठी व किती दिवस?’ हा प्रश्न पालकांनी विचारावा. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली धाकट्यास देणे मात्र सर्वथा टाळावे.