कागद संपतो तिथून : खान्देशातून काही शिफारशी

मराठी ऐतिहासिक कादंबरीची घडी बसवणारे हरी नारायण आपटे १८६४ साली पारोळ्यात जन्मले. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं हुडकत गावोगाव फिरलेले वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. आपट्यांचं आयुष्य पुण्यात गेलं, तर राजवाडे पुण्याशी भांडून इकडे आले. पारोळा आणि धुळे यांच्यात अंतर जेमतेम तासाभराचं. योगायोग म्हणून सोडून द्यावा, असंच हे आहे. पण इतिहासातलं किंवा अद्भुतातलं काय वाचू, काय पाहू, असं कुणी विचारलं की मला ही दोन माणसं शेजारी बसलेली दिसतात. एकाच्या हातात कल्पना आहे, दुसऱ्याच्या हातात कागद.

खान्देशात जन्मलेल्या, इथे घडलेल्या किंवा इथल्या वाचक-प्रेक्षकांनी जवळ केलेल्या कृती मी एकाच कसोटीवर लावून पाहतो. कागद आहे तोवर लेखकानं कागदाशी इमान राखावं आणि कागद संपला की कल्पनेची भीडभाड ठेवू नये. बहुतेक फसलेल्या कृती उलटं करतात. जिथे पुरावा आहे तिथे थापा मारतात आणि जिथे मोकळं रान आहे तिथे बिचकतात.

आपट्यांपासूनच सुरुवात करतो. ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो १८९८ साली. म्हणजे मराठीत कादंबरी आधी आली आणि अस्सल कागद नंतर. आपट्यांच्या हाताशी ग्रँट डफ आणि बखरी, एवढाच ऐवज. तरी त्यांनी शहाणपणा केला : शिवाजीमहाराजांना सतत पुढे उभं न करता एका किल्लेदाराचं घर रचलं आणि बादशाही चाकरी करणारा बाप व स्वराज्याकडे ओढला जाणारा मुलगा यांच्यातला पेच मध्यभागी ठेवला. घर कल्पित, पण पेच त्या काळाचा. आज कुणी आपट्यांचं एकच पुस्तक मागितलं तर मात्र मी ‘वज्राघात’ हातात देतो. विजयनगरच्या पाडावाची ही कथा. रामराजा आणि मेहेरजान यांच्या प्रेमातून तिची शोकांतिका उभी राहते. साम्राज्य बुडतं ते जितकं रणांगणावर, तितकंच एका जुन्या वचनभंगानं. भाषा जड वाटली तर पहिली पन्नास पानं नेट धरावा. पुढे पुस्तकच वाचकाला ओढत नेतं.

राजवाडे कागदाचे माणूस, पण कल्पनेचे वैरी नव्हते. १९०२ साली त्यांनी ‘कादंबरी’ नावाचा निबंध लिहिला आणि त्यात अद्भुत व वास्तव असे दोन्ही पंथ तपासले. त्यांची माझी आवडती कृती मात्र वेगळीच आहे. जयराम पिंड्ये या शहाजीराजांच्या दरबारी कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ त्यांनी १९२२ मध्ये संपादून छापला आणि त्याला ग्रंथाहून दांडगी प्रस्तावना जोडली. शहाजीवर लिहिताना संशोधकाचा तोल कधी सुटतो आणि कादंबरीकार कधी आत शिरतो, हे पाहण्यासाठी ती वाचावी. सगळे निष्कर्ष आज टिकणार नाहीत, पण त्या गद्याचा दम टिकला आहे. त्यांच्या निधनानंतर धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांचा संग्रह तिथे जपला गेला. धुळ्याला जाणाऱ्यानं ती वास्तू चुकवू नये.

पडद्यानं आपट्यांना लवकर उचललं. ‘गड आला पण सिंह गेला’वरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला आणि दहा वर्षांनी ‘प्रभात’चा बोलपट आला. तानाजीची कथा पुढे पुन्हा पुन्हा पडद्यावर आली. दर खेपेला घोरपड मोठी होत गेली आणि माणूस लहान. त्याच काळातलं ‘प्रभात’चं ‘अमृतमंथन’ (१९३४) मी त्याहून वर ठेवतो. राज्य कल्पित, देवी कल्पित, पण बळी देणाऱ्या राजगुरूची सत्ता पुरेपूर खरी. पडद्याभर पसरलेला त्याचा एक डोळा मराठी माणसानं बघितलेल्या सर्वांत भीतिदायक चित्रांपैकी एक आहे.

आता अजिंठा. जिल्हा औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, पण जळगावकर अजिंठा आपलाच मानतात. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला लेणी दिसली ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण सतरा क्रमांकाच्या लेण्यातली सिंहलाची भिंत फार थोडे लोक थांबून पाहतात. माझ्या लेखी ती भारतातली सर्वांत देखणी अद्भुतकथा. व्यापारी सिंहलाचं गलबत फुटतं. माणसं एका बेटावर लागतात. तिथल्या सुंदर बायका त्यांना सावरतात, घरं मांडतात, आणि त्या राक्षसिणी निघतात. पांढरा उडता घोडा सिंहलाला सोडवून नेतो. पण एक राक्षसीण पोर कडेवर घेऊन मागोमाग येते आणि राजाला भुरळ घालून महालात शिरते. रात्रीत महालातली माणसं फस्त होतात. पुढे लोक सिंहलालाच राजा करतात आणि तो हत्ती-घोडे गलबतांत घालून बेटावर चालून जातो. चित्रकारानं हे सगळं चौकटी न आखता एकाच भिंतीवर रचलं आहे. डोळा कुठूनही सुरू करावा आणि कुठूनही पुढे जावं. पंधराशे वर्षांपूर्वीची ही पटकथा पाहायला जाताना गोष्ट आधी वाचून जावं, नाहीतर अंधारात नुसती गर्दी दिसते.

याच चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये आला. त्यानं वर्षानुवर्षं राबून केलेली चित्रं लंडनला गेली आणि त्यातली बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. अजिंठा गावात पारोची कबर आहे. तिच्यावरच्या लेखात गिल तिला आपली प्रिया म्हणतो आणि १८५६ हे तिच्या मृत्यूचं साल देतो. गिल स्वतः १८७९ मध्ये गेला. त्याची कबर भुसावळला आहे. पारोबद्दल कागद एवढाच : एक दगड, एक नाव, एक तारीख. ना. धों. महानोरांनी तिथून पुढे ‘अजिंठा’ हे कथाकाव्य रचलं. शेजारच्या पळसखेड्याच्या या कवीनं पारोला इतिहासात घुसवलं नाही, तर त्याच डोंगरातल्या झाडापाण्यात नांदवलं. कसोटीला ते पूर्ण उतरतं. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये त्यावर काढलेला चित्रपट डोळ्यांना सुख देतो, पण त्यातली लेणी इतकी सजली आहेत की पारो मागे राहते. काव्य आधी, सिनेमा नंतर, असा क्रम ठेवावा.

महानोरांचीच गाणी असलेला ‘जैत रे जैत’ (१९७७) मात्र बिनशर्त शिफारस. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा जब्बार पटेलांचा हा चित्रपट. नायिका स्मिता पाटील, शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक. ठाकरवाडीतला ढोलकर नाग्या राणीमाशीला पाहायचं मनावर घेतो, त्यापायी एक डोळा गमावतो, आणि मग हे वेड वैरावर येतं. यात चमत्कार एकही नाही, तरीही सगळा चित्रपट अद्भुत आहे. डोंगरात देव राहतो यावर पात्रांचा विश्वास आहे आणि दिग्दर्शक त्या विश्वासाला हसत नाही.

चाळीसगावनं दोन गोष्टी दिल्या. पहिली जवळच्या पाटणादेवीची. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथला आहे. त्यात वंशावळ आहे, दानं आहेत, मात्र लीलावती नाही. घटिकापात्रात मोती पडून भोक बुजलं आणि लेकीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही सुरस कथा आपल्यापर्यंत आली ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’ ग्रंथाच्या फारसी भाषांतरातून. दोन्ही वाचाव्यात आणि दोन्ही वेगळ्या खणांत ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट केकी मूस यांची. मुंबईत जन्मलेले, विलायतेत कला शिकून आलेले मूस (१९१२–१९८९) चाळीसगाव स्टेशनलगतच्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर न पडता राहिले. एका मैत्रिणीनं पंजाब मेलनं येईन असं वचन दिलं होतं आणि ते रोज रात्री दोघांची पानं मांडून ठेवत, असं सांगतात. ही दंतकथा इतकी गोड आहे की लोक तिच्यावरच थांबतात आणि कामाकडे पाहातच नाहीत. काम आहे टेबलटॉप छायाचित्रांचं. घरातल्या किरकोळ वस्तू टेबलावर मांडायच्या, दिवा हवा तिथे धरायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचं, की आडवाटेचा देखावा उभा. ज्या माणसानं उंबरा ओलांडला नाही त्यानं टेबलभर जागेत प्रदेश वसवले. संगणकावर पर्वत उभे करणाऱ्या आजच्या मुलांना मी आधी मूस यांच्या घरी पाठवीन. त्यांचं संग्रहालय आता तिथेच आहे.

धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार (जन्म १९२५) यांच्या नावावर १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा आहे, म्हणून सगळे नर्मदेवर जातात. पुरातत्त्व खात्यात असताना त्यांनी वेरूळ-अजिंठ्याच्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम केलं होतं. मला त्यांची गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळ मोलाची वाटते. नदी म्हणजे आई, मध्य प्रदेश आणि राजस्थान तिची दोन मुलं. कोणत्याही पुराणात नसलेली देवता या गड्यानं छिन्नीनं घडवली, आणि ती जुनी वाटते.

मुलांसाठी काय, हा प्रश्न हमखास येतो. माझ्या पिढीची अद्भुताशी गाठ पडली ‘चांदोबा’मुळे. अंक हातात पडला की आधी विक्रम-वेताळाचं पान : खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान. शंकर या चित्रकारानं ते चित्र पक्कं करून टाकलं. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. त्यांनी ‘गोड गोष्टी’तून परदेशी कथा मराठी केल्या. त्यांतली ‘सोराब आणि रुस्तुम’ अजूनही मोठ्यानं वाचून दाखवण्याजोगी. बाप-लेक अनोळखीपणे लढतात, एवढी एकच गोष्ट मुलांना युद्धाबद्दल पुरेसं सांगते.

मोठ्यांसाठी भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ (२०१०). यावल तालुक्यातल्या सांगवीच्या या लेखकाचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून खान्देशातल्या त्याच्या गावच्या वाड्यापर्यंत तो काळ उकरत जातो. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे राजे आणि तलवारी, हा समज ती मोडते. तिच्या जोडीला बाबा भांड यांची ‘तंट्या’ वाचावी. खान्देश-निमाडच्या रानात इंग्रजांना वर्षानुवर्षं चकवणाऱ्या आणि १८८९ मध्ये फाशी गेलेल्या तंट्या भिल्लाची ही कथा. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर, लोकांच्या तोंडी मामा. या दोहोंमधली फट हीच कादंबरीची जागा.

सातपुड्यातल्या अस्तंब्याला दिवाळीत लोक अश्वत्थाम्याच्या यात्रेला चढतात. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून फिरतो, ही समजूत. २०२४ च्या ‘कल्की २८९८ एडी’त तोच अश्वत्थामा अमिताभ बच्चन यांच्या रूपात आला आणि चित्रपटातला सर्वांत जिवंत भाग तोच निघाला. टोल्किननं आपल्या जगाचे नकाशे कागदावर काढले. अश्वत्थाम्याचा नकाशा लोकांनी पायांनी काढला आहे. ते जग अजून कुणी पुस्तकात धड उतरवलेलं माझ्या वाचनात नाही.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. ‘छावा’ चित्रपट (२०२५) बुऱ्हाणपूरच्या स्वारीनं सुरू होतो. थिएटरात शिट्ट्या पडतात, आणि बुऱ्हाणपूर हे खान्देश सुभ्याचं ठाणं होतं हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याआधी १६७९ मध्ये शिवाजीमहाराजांच्या फौजेनं धरणगाव आणि चोपडा लुटला होता. धरणगावात तेव्हा इंग्रजांची वखार होती. म्हणजे स्वराज्याचा इतिहास इथल्या पेठेनं वेगळ्या बाजूनं पाहिला : दुकानाच्या फळ्या लावून घेत, मोगली अंमलदार आणि मराठी घोडा यांच्या मध्ये. शिवाजी-संभाजींवर शेकडो पुस्तकं आहेत, पण या पेठेतल्या साळ्याची, सावकाराची, हुंडीवाल्याची कादंबरी मला मिळालेली नाही. कागद मात्र आहेत. वखारवाल्यांना पत्रं लिहायची सवयच होती. कुणी मनावर घेतलंच तर एवढंच सांगणं : आधी धरणगावच्या बाजारातला कापडाचा भाव शोधा, तलवार मग उपसा.