रिव्हॉल्व्हरचा चाप : हलकेपणापेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा

अमेरिकेतील कोल्ट कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणलेले 'पायथन' हे रिव्हॉल्व्हर २००५ पर्यंत तयार होत होते. २०२० मध्ये ते नव्या स्वरूपात परतले आणि त्याबरोबर नेमबाजांमधील एक जुना वादही पुन्हा रंगला. चाप कोल्टचा चांगला, की स्मिथ अँड वेसनचा?

या वादाचे मूळ 'डबल अ‍ॅक्शन' रचनेत आहे. काडतुसावर आघात करणारा घोडा अंगठ्याने आधीच मागे ओढला असेल, तर चापाला तो केवळ मोकळा करावयाचा असतो. त्यासाठी साधारणतः दीड-दोन किलो जोर पुरतो. डबल अ‍ॅक्शनमध्ये मात्र घोडा मागे नेणे, सिलिंडर एक घर फिरवणे आणि घोडा सोडणे ही तिन्ही कामे चाप ओढणाऱ्या बोटालाच करावी लागतात. येथे साडेचार ते साडेपाच किलो जोर लागतो. शस्त्राचे स्वतःचे वजन असते जेमतेम एक किलो. साहजिकच चाप ओढताना नळी हलते आणि नेम चुकतो.

हा जोर बोटाला कसा जाणवतो, हे मुख्यतः स्प्रिंगवर ठरते. स्मिथ अँड वेसनच्या १८९९ च्या रिव्हॉल्व्हरमधून पुढे 'मॉडेल १०' विकसित झाले. त्यात घोड्यासाठी सपाट पट्टीची स्प्रिंग असून चाप परत आणण्यासाठी वेगळी गुंडाळीची स्प्रिंग आहे. त्यामुळे जोर आरंभापासून अखेरपर्यंत बराचसा सारखा राहतो. जुन्या पायथनमध्ये 'व्ही' आकाराची एकच स्प्रिंग ही दोन्ही कामे करते. चाप सुरुवातीला मऊ लागतो, शेवटी जड होत जातो. सावकाश नेम धरणाऱ्यास हा इशारा उपयोगी वाटतो. जलद गोळीबारात तोच अडथळा ठरतो. कोल्टची ही यंत्रणा हाताने जुळवावी लागे आणि झिजल्यावर कुशल कारागीर शोधावा लागे. नव्या आवृत्तीत सुट्या भागांची संख्या कमी करण्यात आली आहे.

सुखदपणा केवळ चापावर अवलंबून नसतो. १९३५ मध्ये आलेल्या .३५७ मॅग्नम काडतुसाचा धक्का वजनदार पायथनमध्ये सौम्य, तर त्याहून हलक्या 'मॉडेल १९' मध्ये तीव्र जाणवतो. याच शस्त्रांत .३८ स्पेशल काडतूस वापरल्यास तो बराच कमी होतो. मूठ हातापेक्षा मोठी असेल, तर बोट चापापर्यंत नीट पोहोचत नाही आणि उत्तम यंत्रणाही निरुपयोगी ठरते.

भारतालाही ही रचना परकी नाही. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेले .३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटनच्या वेब्ली 'मार्क ४' वर आधारित आहे.

चाप हलका करण्यासाठी स्प्रिंग कापण्याचा वा घासण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. अशा रिव्हॉल्व्हरांना बहुधा वेगळा सुरक्षा-खटका नसतो. चापाचा लांब, जड प्रवास हेच त्यांचे संरक्षण असते. शिवाय स्प्रिंग दुर्बल झाल्यास घोड्याचा आघात अपुरा पडून ऐनवेळी काडतूस फुटत नाही. म्हणूनच चाप किती हलका आहे, यापेक्षा तो किती एकसारखा चालतो आणि मूठ हातात किती बसते, हे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तपासून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.