पाचव्या पानाची आशा

पत्त्यांच्या जुगारात अक्कल चालत नाही, सारा नशिबाचा खेळ, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ‘पोकर’ या अमेरिकेत वाढलेल्या खेळात वर्षानुवर्षे जिंकून त्यावर चरितार्थ चालविणारी माणसे आहेत, असे सांगितले तर ऐकणारा साशंक होईल. अशी माणसे आहेत. आणि त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग स्वतःच्या भारी पानांपेक्षा समोरच्याच्या आशेतून येतो.

‘टेक्सास होल्डेम’ या रूढ प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून वाटतात. पाच पाने टेबलावर सर्वांसाठी उघडली जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. सातांतून ज्याची पाच पाने श्रेष्ठ, त्याचा मधला पैसा. दर टप्प्याला पैसे लावता येतात. दुसऱ्याने लावले तर तेवढे भरावे, वाढवावे किंवा पाने टाकून मोकळे व्हावे.

आता एक डाव पाहू. टेबलावर बदाम राजा, बदाम नव्वी, चौकट चौकी आणि किलवर दुरी अशी चार पाने उघडली आहेत. एकाच्या हाती इस्पिक एक्का आणि इस्पिक राजा. म्हणजे राजांची जोडी तयार आहे. दुसऱ्याच्या हाती बदाम गुलाम आणि बदाम सत्ती. त्याचे अद्याप काहीच झालेले नाही. मात्र पाचवे पान बदामाचे आले तर एकाच रंगाची पाच पाने जुळून तो जिंकेल. त्याला न दिसलेली पाने 46, त्यांत बदाम 9. म्हणजे 46 पैकी 37 वेळा तो हरणार.

तरीही तो मूर्ख ठरत नाही, कारण प्रश्न किमतीचा आहे. मध्ये 100 डॉलर जमले असताना राजाच्या धन्याने भिऊन केवळ 20 लावले, तर 20 भरून 120 मिळविण्याची संधी समोरच्यास लाभते. 46 डावांचा हिशेब मांडला तर 9 वेळा 120 म्हणजे 1080 आले आणि 37 वेळा 20 म्हणजे 740 गेले. 340 चा नफा. पण त्याच जागी 100 लावले तर आवक 1800, जावक 3700. 1900 चा तोटा. पाने तीच, नशीबही तेच. फरक केवळ आकारलेल्या भावाचा. म्हणून आशेमागे धावणाऱ्याशी खेळताना हात आखडता घेणे हाच खरा प्रमाद होय. तशीच त्याला थापेने घाबरविण्याची धडपडही व्यर्थ. जो पाने टाकतच नाही, त्याच्यापुढे थाप मारून काय साधणार?

अर्थात हा हिशेब पाचव्या पानाशी संपत नाही. बदाम उघडल्यावरही राजाचा धनी हट्टाने पैसे भरत राहिला, तर आशावाद्याचा तोटा भरून निघू लागतो. तिथे पाने टाकण्याइतका संयम हवा. बदाम आलेच नाही, तर मध्यम पानांवर नवे पैसे लावूनही फारसे हाती लागत नाही, कारण फसलेला गडी ते भरणारच नाही. उलट स्वस्थ बसल्यास तोच कधीकधी उसने अवसान आणून थाप मारतो.

डेव्हिड स्क्लान्स्की याने 1987 च्या ‘थिअरी ऑफ पोकर’ या ग्रंथात या साऱ्याचे मूळ सांगितले आहे. आपली पाने दिसत असती तर समोरचा जसा खेळला असता त्याहून वेगळा तो खेळला, की लाभ आपला. गणित निर्विवाद आहे. मन मात्र त्याला जुमानत नाही. पाच डावांत सरासरी एकदा ते बदाम येतेच, आणि धावणाऱ्याला नेमके तेवढेच आठवते. हरलेला जाणताही त्या एका डावाने पेटतो, मग स्वतःच नको त्या पानांमागे धावू लागतो.

2003 साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस 25 लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत 839 खेळाडू होते. पुढच्या वर्षी 2576 आले, 2006 मध्ये 8773. जाणत्यांना ही सुगीच होती.

आपल्याकडे या खेळांचा वाद ‘कौशल्य की नशीब’ याच शब्दांत होत आला. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटले. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा त्यात हा भेदच ठेवला नाही. कौशल्य असते, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. पण ते कोणाचे आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला.

बुद्धिबळात डाव संपल्यावर हरलेल्याला त्याची चूक दाखविण्याची रीत आहे. पोकरच्या टेबलावर जाणत्यांचा अलिखित दंडक नेमका उलटा: धावणाऱ्याला त्याची चूक कधीही सांगू नये. बदाम उघडते, मधला पैसा तो ओढून घेतो, आणि समोरचा हसून “छान खेळलात” एवढेच म्हणतो.