आज्ञेचा अर्थ आणि वणव्याचे भय : अमेरिकेतील तरुण वनसंरक्षक पथकांच्या नेतृत्वाचा भाषिक विचार

१

आज्ञार्थक वाक्याचा अर्थ नेमका कोणता, हा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेत फार जुना आहे. लिङ् आणि लोट् यांचे अर्थ सांगताना पाणिनीने विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न व प्रार्थना अशा छटा वेगळ्या केल्या. पुढे मीमांसकांनी व नैयायिकांनी ‘करावे’ हा शब्द ऐकताच मनुष्य कृतीस का प्रवृत्त होतो, याचा शतकानुशतके खल केला. हा वाद यज्ञविषयक वाक्यांच्या निमित्ताने झाला असल्यामुळे त्याचा व्यवहाराशी संबंध नाही, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु काही व्यवसाय असे आहेत की त्यांत आज्ञेचा अर्थ श्रोत्यास कळला की नाही, यावर त्याचे जगणे-मरणे अवलंबून असते. वणव्याचा धोका कमी करण्यासाठी रानात काम करणाऱ्या तरुणांच्या पथकाचे नेतृत्व हा असाच एक व्यवसाय होय. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अशा पथकांच्या भाषाव्यवहाराचे विवेचन करावयाचे आहे.

२

या पथकांची परंपरा १९३३ पासून सुरू होते. आर्थिक मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ ही योजना आरंभिली. बेकार, अविवाहित तरुणांना वनांतील कामावर घ्यावयाचे, त्यांना दरमहा ३० डॉलर द्यावयाचे आणि त्यांपैकी सुमारे २५ डॉलर त्यांच्या घरी पाठवावयाचे, अशी तिची रचना होती. १९४२ मध्ये योजना बंद होईपर्यंत सुमारे ३० लाख तरुण तिच्यातून गेले. वृक्षलागवड, रस्तेबांधणी आणि आगीशी सामना ही त्यांची प्रमुख कामे होती. याच कल्पनेचा पुढील अवतार म्हणजे १९७६ मध्ये स्थापन झालेला ‘कॅलिफोर्निया कॉन्झर्वेशन कोअर’. त्यात मुख्यत्वे १८ ते २५ वर्षे वयाचे तरुण-तरुणी काम करतात.

मधल्या काळात कामाचे स्वरूप मात्र बदलले. १९३५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने असे धोरण स्वीकारले होते की, आग लागल्याची वार्ता मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत ती आटोक्यात आलीच पाहिजे. हे धोरण अनेक दशके चालले. त्याचा अनपेक्षित परिणाम असा झाला की, पूर्वी लहान-लहान आगींमुळे आणि तेथील मूलनिवासी जमाती जाणीवपूर्वक लावीत असलेल्या जाळामुळे जो पालापाचोळा व झाडोरा नाहीसा होत असे, तो रानात साठत गेला. असा साठा झालेल्या रानात आग लागली म्हणजे ती जमिनीलगत न राहता खालच्या फांद्यांच्या शिडीने वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत चढते, आणि मग तिला आवरणे मनुष्यशक्तीच्या पलीकडचे होऊन बसते. म्हणून दाट वाढलेली लहान झाडे विरळ करणे, खालच्या फांद्या छाटणे, तोडलेला झाडोरा रचून पावसाळी दिवसांत जाळणे आणि वस्तीभोवती मोकळे पट्टे राखणे ही कामे आज या पथकांकडे आली आहेत. महाराष्ट्रातील वनखात्याच्या परिभाषेत ज्यास ‘जाळरेषा’ म्हणतात, त्याच जातीचे हे काम आहे.

३

हे काम वरकरणी साधे मजुरीचे दिसते. प्रत्यक्षात यंत्रकरवत, कोसळणारे झाड, उतरण, ऊन आणि वारा या पाच गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. आणि पथकातील बहुतेक तरुणांचा तो पहिलाच हंगाम असतो. म्हणून पथकनायकाचे काम हाताने कमी आणि शब्दाने अधिक होते. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी तो सर्वांना एकत्र करून हवेचा अंदाज, त्या दिवशीचे धोके, कोणी कोठे उभे राहावयाचे, संकट आल्यास कोणत्या वाटेने निघून कोठे जमावयाचे, हे सांगतो. झाड पाडण्यापूर्वी करवत चालविणारा मोठ्याने इशारा देतो. झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरात कोणी नाही, याची खात्री करून त्याचा साहाय्यक उलट उत्तर देतो. आणि ते उत्तर कानी पडल्यावाचून शेवटचा छेद घेतला जात नाही. जमीन खरवडून जाळरेषा काढणाऱ्या ओळीत मागचा माणूस पुढच्यास गाठतो तेव्हा ठरावीक शब्द उच्चारतो, आणि त्यासरशी ओळ एका जागेने पुढे सरकते.

या साऱ्या व्यवहारात एक समान तत्त्व दिसते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले की, बोलणे ही एक कृती आहे आणि श्रोत्याने ती ओळखून स्वीकारल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. झाडाखालचा इशारा हे या तत्त्वाचे जणू प्रात्यक्षिकच होय. उत्तर आले नाही तर इशारा दिलाच गेला नाही, असे तेथे समजले जाते.

यापुढचा प्रश्न नम्रतेचा. मराठीत ‘थांब’, ‘थांबा’, ‘थांबावे’, ‘थांबलेले बरे’ अशी आज्ञेची धार क्रमाने बोथट करता येते. इंग्रजीतही त्याचे मार्ग आहेत. शार्लट लिंडे यांनी १९८८ मध्ये विमानचालकांच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, हाताखालच्या व्यक्तीने सूचना जितकी सौम्य करून मांडावी, तितकी ती मानली न जाण्याचा संभव वाढतो. पथकातील एकोणीस वर्षांच्या नवख्या मुलास वाकलेले वाळके झाड दिसते. तो ‘ते झाड जरा तसेच वाटते’ एवढेच पुटपुटतो, आणि नायकाचे लक्ष दुसरीकडे असते. येथे अपघाताचे बीज वाऱ्यात वा लाकडात नसून वाक्यरचनेत आहे.

४

आज्ञा स्पष्ट असूनही ती निष्फळ ठरू शकते, याचे सर्वांत दारुण उदाहरण मोंटाना संस्थानातील मॅन गल्च येथे ५ ऑगस्ट १९४९ रोजी घडले. विमानातून उड्या घेऊन आग विझविणारे १५ जवान तेथे उतरले. जमिनीवरून आलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. त्यांतील बहुतेक तरुण होते. एक तर अवघा सतरा वर्षांचा होता. छत्री न उघडल्यामुळे त्यांचे बिनतारी यंत्र जमिनीवर आदळून निकामी झाले होते. दरीच्या उताराने ते खाली चालले असता आगीने पुढील बाजूने दरी ओलांडून त्यांची वाट अडविली. प्रमुख वॅग्नर डॉज याने पथकास मागे फिरविले आणि काही वेळाने जड हत्यारे टाकून देण्यास सांगितले. आग वाळल्या गवतातून चढावर त्यांच्या मागे वेगाने येत होती. ती गाठणार हे दिसताच डॉजने एक विलक्षण गोष्ट केली. त्याने काडी ओढून समोरचे गवत स्वतःच पेटविले आणि जळून गेलेल्या त्या जागेत येण्यास सर्वांना बोलाविले. जेथे गवत उरले नाही तेथे वणव्यास खाद्य नाही, हा त्यामागील विचार होता. कोणीही आत आले नाही. डॉज राखेत पालथा पडून राहिला आणि वाचला. दोघे तरुण धावत कड्याच्या फटीतून पलीकडे पोहोचले आणि वाचले. उरलेले १३ जण मृत्यू पावले.

या घटनेवर नॉर्मन मॅक्लीन यांनी लिहिलेला ‘यंग मेन अँड फायर’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे कार्ल वाइक यांनी १९९३ मध्ये संघटनाशास्त्राच्या दृष्टीने तिची मीमांसा केली. हत्यारे टाकून द्या या आज्ञेने ‘आपण आग विझविणारे आहोत’ ही पथकाची ओळखच ढासळली, आणि परिस्थितीचा अर्थ लावण्याची सामूहिक शक्ती संपली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

५

भाषिक दृष्टीने पाहता डॉजच्या आज्ञेत कोणता दोष होता? आकांक्षा, योग्यता व सन्निधी ही वाक्यार्थबोधाची तीन अंगे परंपरेने सांगितली आहेत. त्यांपैकी योग्यता येथे श्रोत्यांच्या दृष्टीने नव्हती. पाठीमागे आग असताना पुढे आग लावणे आणि तीत शिरण्यास सांगणे, हे वाक्य ‘अग्नीने शिंपावे’ या शास्त्रकारांच्या नेहमीच्या उदाहरणाइतकेच विसंगत वाटावे असे होते. अशी आग लावण्याची युक्ती त्यांच्या शिक्षणात अंतर्भूत नव्हती. शब्द ऐकू गेले असतील तरी त्यांचा अन्वय लागला नाही.

मंडनमिश्रांनी ‘विधिविवेक’ या ग्रंथात असे मत मांडले की, विधीचा अर्थ म्हणजे इष्टसाधनता होय. ही कृती आपल्या हिताचे साधन आहे असे कळल्याखेरीज मनुष्य प्रवृत्त होत नाही. मॅन गल्चच्या तरुणांस डॉजच्या आज्ञेतील इष्टसाधनता दिसली नाही, म्हणून ते प्रवृत्त झाले नाहीत. यावर कोणी म्हणेल की, डॉजने कारण सांगावयास हवे होते. परंतु त्याच्यापाशी केवळ काही क्षण होते, आणि आगीचा गडगडाट कानठळ्या बसविणारा होता. कारण सांगण्यास अवधी नाही, आणि कारण कळल्यावाचून प्रवृत्ती नाही, असा हा पेच आहे.

त्यातून सुटण्याचा मार्ग उदयनाचार्यांच्या विचारात सापडतो. ‘न्यायकुसुमांजली’त ते विधीचा अर्थ वक्त्याचा अभिप्राय असा करतात. आप्त पुरुषास ही कृती अभिप्रेत आहे, यावरून ती हिताची असली पाहिजे असे श्रोता अनुमानाने जाणतो. म्हणजे कारण न सांगताही आज्ञा सफल होऊ शकते. अट एवढीच की, वक्ता श्रोत्यांच्या लेखी आप्त असला पाहिजे. मॅन गल्चचे जवान त्या पथकाच्या रूपाने पूर्वी एकत्र काम केलेले नव्हते. डॉज अनुभवी होता, पण त्यांच्या दृष्टीने आप्त झालेला नव्हता.

६

आप्तत्वाची जागा बळाने भरून काढता येते काय? २० ऑगस्ट १९१० रोजी आयडाहो संस्थानातील महावणव्यात वनरक्षक एड पुलास्की याने चाळीसहून अधिक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले, आणि बाहेर पडू पाहणाऱ्यास गोळी घालीन अशी धमकी देऊन अडवून धरले. त्यांतील काही दगावले, परंतु बहुतेक वाचले. कुऱ्हाड आणि कुदळ एकाच दांड्यास जोडलेले त्याच्या नावाचे हत्यार आजही या पथकांच्या हाती असते. त्याची धमकी मात्र कोणी नियम म्हणून स्वीकारलेली नाही. बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून माणसे अडविता येतात. उघड्या डोंगरउतारावर पांगलेल्या पथकास धमकीने एका ठिकाणी आणता येत नाही.

१९५७ मध्ये वनखात्याच्या एका अभ्यासगटाने १९३७ ते १९५६ या काळातील १६ प्राणघातक आगींचा अभ्यास करून दहा आदेश सिद्ध केले. वायोमिंग संस्थानातील ब्लॅकवॉटर येथे २१ ऑगस्ट १९३७ रोजी वारा एकाएकी बदलल्याने १५ जणांचा अंत झाला होता. मृतांत सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरचे तरुण होते. ती आग या १६ पैकीच होय. दहा आदेशांपैकी निदान तीन भाषेविषयी आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे : सुटकेच्या वाटा नुसत्या ठरवू नयेत तर सर्वांस माहीत करून द्याव्यात, वरच्या, खालच्या व शेजारच्या पथकांशी तत्पर संपर्क ठेवावा, आणि सूचना स्पष्ट देऊन त्या समजल्या आहेत याची खात्री करून घ्यावी.

तरीही ६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडो संस्थानातील साउथ कॅन्यन येथे १४ जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या काळात मौनाचा प्रश्न पुढे आला : धोका जाणवूनही माणसे बोलत का नाहीत? आज प्रत्येकाच्या खिशात असणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकेत कामगिरी नाकारण्याची रीत घालून दिलेली आहे. नाकारणाऱ्याने नेमका धोका सांगावा आणि शक्य तर पर्याय सुचवावा. तीच कामगिरी दुसऱ्यास देताना पहिल्याने ती का नाकारली, हे त्यास सांगितले जावे. त्याचप्रमाणे दिवसाच्या शेवटी, सैन्याकडून उचललेल्या पद्धतीप्रमाणे, सर्वांनी मिळून चार प्रश्न विचारावयाचे असतात : काय योजिले होते, काय घडले, तसे का घडले, आणि पुढील वेळी काय करावे. या बैठकीत नवखा आणि नायक यांचे शब्द सारख्याच वजनाचे मानावेत, असा संकेत आहे.

७

प्रश्न विचारण्याची व नकार देण्याची मुभा दिल्याने आज्ञापालन सैल पडेल, अशी शंका साहजिक आहे. वरील विवेचनावरून तिचे निरसन होते. ज्या नायकास रोज ‘का’ विचारता येते, आणि जो रोज कारण देतो, त्याची वाक्ये हिताचीच असतात हा अनुभव पथकाच्या गाठीशी जमतो. हा संचय म्हणजेच आप्तत्व. कारण सांगण्यास सवड नसलेल्या एखाद्या क्षणी तोच खर्ची पडतो. शांत दिवशी फांद्या छाटताना दिलेले प्रत्येक उत्तर हे त्या न सांगता येणाऱ्या कारणाची आगाऊ भरपाई असते.

यावरून आज्ञेच्या अभ्यासकासही एक दिशा मिळते. आज्ञेचा अर्थ क्रियापदाच्या प्रत्ययात शोधून संपत नाही. तो वक्ता व श्रोता यांच्यातील पूर्वीच्या व्यवहारात पसरलेला असतो. इष्टसाधनता आणि आप्ताभिप्राय ही दोन मते परस्परविरोधी म्हणून शिकविली जातात. रानातील पथकाच्या व्यवहारात ती एकामागून एक येणाऱ्या दोन अवस्था ठरतात : पहिलीतून विश्वास घडतो, आणि दुसरीत तो कामास येतो. पहिली अवस्था वगळून दुसरीची अपेक्षा करणाऱ्या नायकाची आज्ञा व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल. परंतु ऐन वेळी ती ऐकणारे कोणी असेलच, असे नाही.